स्मृतीचा हिशेब : संगणकाच्या एका जुन्या दुखण्याचा इतिहास

संगणकाच्या इतिहासाविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात वेगाची वर्णने विपुल आढळतात. अमुक यंत्र एका सेकंदात किती बेरजा करते, तमुक महासंगणक त्याहून किती पटीने शीघ्र आहे, हे वाचून वाचक चकित होतो. परंतु या इतिहासाला दुसरी एक बाजू आहे. ती स्मृतीची, म्हणजेच आपण व्यवहारात जिला मेमरी म्हणतो तिची आहे. प्रोग्रामने किती स्मृती मागितली, मागितलेल्यापैकी किती वापरली आणि काम झाल्यावर किती परत केली, हा जमाखर्चाचा प्रश्न आहे. आमची उमेदीची सारी वर्षे महसूल खात्यात जमाखर्च पाहण्यात गेली. त्यामुळे असेल, पण संगणकाच्या साऱ्या दुखण्यांत हे एक दुखणे आम्हांला परके वाटत नाही. त्याचा इतिहास, निदान आणि उपचार यांचा थोडक्यात परामर्श घ्यावा, एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. संगणकात माहिती दोन ठिकाणी राहते. एक म्हणजे कायमचे कोठार. वीज गेली तरी तेथील माहिती टिकते. आपली कागदपत्रे आणि छायाचित्रे तेथे असतात. दुसरी म्हणजे कामाची बैठक. कारकून दप्तरखान्यातून बस्ते काढून मेजावर मांडतो आणि काम आटोपले की परत ठेवतो, त्या मेजासारखी ही जागा. येथे स्मृती हा शब्द आम्ही या मेजाच्या अर्थाने वापरत आहोत. दप्तरखाना कितीही मोठा असो, मेज भरून गेले की काम थांबते.

प्रोग्राम लिहिणारा माणूस आपल्याला वाचता येईल अशा भाषेत आज्ञा लिहितो. कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्राम त्या साऱ्या आज्ञांचे यंत्राच्या भाषेत एकदाच रूपांतर करून ठेवतो. अशा रीतीने तयार झालेला प्रोग्राम वेगवान असतो. पण त्यात यंत्र आणि माणूस यांच्या मध्ये लुडबुड करणारा, चुकले तर हात धरणारा फारसा कोणी उरत नाही. म्हणून स्मृतीच्या हिशेबाची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. ही स्मृती त्याला तीन प्रकारे मिळते. पहिली स्थिर जागा : प्रोग्राम सुरू होताना नेमून दिलेली, तो संपेपर्यंत तशीच राहणारी. दुसरी स्टॅक, आपल्या शब्दात भाकरीची चवड : शेवटी ठेवलेली भाकरी आधी उचलावयाची, त्यामुळे येथील हिशेब आपोआप राहतो. तिसरी हीप, म्हणजे खळ्यावरची रास : ज्याला जेव्हा जितके हवे तितके त्याने मागून न्यावे आणि काम झाले की आणून टाकावे. आमच्या आळंद भागात तुरीच्या राशी पाहिलेल्या वाचकांना हे वेगळे सांगावयास नको की, राशीवरचा व्यवहार मापारी आणि वही यांवाचून चालत नाही. संगणकातील बहुतेक बखेडे याच तिसऱ्या जागी उद्भवतात.

या दुखण्याचा इतिहास आपल्या देशापुरता पाहावयाचा तर मुंबईपासून आरंभ करावा लागतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि स्मृती होती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. आजच्या मापात हे १०,२४० बाइट होतात. आपण वाचत आहात तो हा लेख आजच्या पद्धतीने साठवला तर त्यालाच याच्या तिपटीहून अधिक जागा लागेल. एवढ्या स्मृतीत शास्त्रज्ञांनी आपली गणिते बसवली. तेथे शून्य आणि एक यांच्या भाषेत आज्ञा देताना प्रत्येक शब्दाचा पत्ता लिहिणाऱ्याच्या ध्यानात असे. जागा जास्त मागण्याचा प्रश्नच नव्हता. मागणारा आणि देणारा एकच होता.

याच सुमारास पाश्चात्त्य देशांत कंपायलरचे युग सुरू झाले होते. आयबीएम कंपनीतील जॉन बॅकस यांच्या चमूने १९५७ मध्ये फोरट्रान भाषा लोकांपुढे आणली. तीत कोष्टकाचा आकार प्रोग्राम लिहितानाच सांगावा लागे. शंभर ओळींचे कोष्टक म्हटले की शंभर ओळींची जागा अडकली. प्रत्यक्षात दहाच भरल्या तरी उरलेल्या नव्वद ओस पडत. हा जादा स्मृतीचा पहिला प्रकार. त्यात एक मोठी सोय मात्र होती. प्रोग्राम मावणार नसेल तर तो सुरूच होत नसे. मध्यरात्री, काम अर्ध्यावर असताना दगा देत नसे.

त्या काळातील काटकसर पुढे किती महागात पडली, तेही सांगितले पाहिजे. नाही तर वाचकांचा समज होईल की कमी जागा वापरणे हेच या शास्त्राचे सार आहे. वर्षाचे चार आकडे लिहिण्याऐवजी दोनच लिहून जागा वाचवण्याची रीत कोबोलसारख्या भाषांतून लिहिलेल्या जमाखर्चाच्या प्रोग्रामांत रूढ झाली. १९९९ साल संपत आले तेव्हा २००० आणि १९०० यांतला भेद यंत्राला कसा कळणार, या चिंतेने जगभर कोट्यवधी ओळी पुन्हा तपासाव्या लागल्या. त्या तपासणीच्या कामात भारतातील असंख्य तरुणांना रोजगार मिळाला, हा त्या काटकसरीचा अनपेक्षित प्रसाद. तात्पर्य असे की जागा कमी घेणे हा गुण नव्हे आणि जास्त घेणे हाही दोष नव्हे. घेतलेल्या जागेचे कारण सांगता न येणे, हा दोष.

राशीचा व्यवहार सुरू झाला तो थोडा पुढे. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी मोकळ्या जागांची एक साखळी कल्पिली. आपण होऊन कोणी जागा परत करावयाची नाही; साखळी संपत आली की यंत्रानेच थांबून कोणती जागा कोणाच्या उपयोगाची राहिलेली नाही हे शोधावे आणि ती गोळा करावी, अशी ही योजना. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात तिचे वर्णन आहे. या झाडलोटीला वेळ लागे, काम मध्येच अडखळे. पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सी भाषा घडवली. तिने उलट मार्ग धरला. जागा हवी तर ‘मॅलॉक’ या आज्ञेने मागा, काम झाले की ‘फ्री’ या आज्ञेने परत करा. मध्ये कोणी लुडबुड करणार नाही. हा प्रामाणिक माणसांचा व्यवहार होता आणि त्यामुळेच तो वेगवान होता. जगातील बहुतेक मूलभूत प्रणाली या भाषेत लिहिल्या गेल्या. आपण ज्या दुखण्याविषयी बोलत आहोत ते खऱ्या अर्थाने येथून सार्वत्रिक झाले.

या दुखण्याचे सर्वांत परिचित रूप म्हणजे गळती : मागितलेली जागा परत न करणे. तिचे एक उदाहरण इतके बोलके आहे की सविस्तर सांगावेसे वाटते. लंडन शहराच्या रुग्णवाहिका सेवेने २६ ऑक्टोबर १९९२ रोजी गाड्या पाठवण्याचे काम संगणकाकडे सोपवले. पहिल्या दोन दिवसांतच अनेक कारणांनी गोंधळ माजला आणि काम अंशतः हाताने सुरू झाले. त्यानंतर ४ नोव्हेंबरच्या पहाटे दोनच्या सुमारास ती प्रणाली प्रथम मंदावली आणि मग पुरती थिजली. चौकशीत कारण निघाले ते असे : सुमारे तीन आठवड्यांपूर्वी काही दुरुस्ती करताना एका प्रोग्रामरकडून थोड्या ओळी अनवधानाने आत राहून गेल्या होत्या. एखादी गाडी रवाना झाली की त्या ओळी थोडीशी स्मृती घेत आणि परत करीत नसत. एका गाडीची गळती नगण्य; परंतु तीन आठवड्यांच्या गाड्यांची मिळून सारी स्मृती संपली. पर्यायी यंत्र ठेवलेले होते, पण अशा प्रसंगी ते काम उचलते की नाही याची कसोटी घेतलेली नव्हती. शेवटी लोक कागद आणि दूरध्वनी यांकडे परतले.

या हकिकतीतील मर्म असे की, तीन आठवडे ही गळती कोणाच्या ध्यानात आली नाही. बेरीज चुकली तर ताळेबंदात दिसते. गळती उत्तरात दिसत नाही, ती शिल्लक पाहणाऱ्यालाच दिसते. आणि शिल्लक कोणी पाहत नव्हते.

आमच्या सेवेच्या अखेरच्या वर्षांत एका कचेरीत आम्ही असाच एक प्रकार पाहिला. कचेरीचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथील यंत्र सकाळी चपळ असे आणि दुपारनंतर रेंगाळू लागे. दाखल्यासाठी आलेली माणसे रांगेत तिष्ठत. यावर उपाय ठरलेला होता : यंत्र बंद करावयाचे आणि पुन्हा चालू करावयाचे. पुढे पुढे हे काम शिपायाच्या रोजच्या कामांत जमा झाले, आणि दुपारी दोनचा ‘रिस्टार्ट’ हा जणू कचेरीचा रिवाजच बनला. वास्तविक यंत्र बंद केल्याने प्रोग्रामने अडकवलेली सारी स्मृती मोकळी होते, म्हणून तात्पुरता गुण येतो. रोगाला त्याने धक्काही लागत नाही. उलट रोजच्या रोज पुरावा पुसला जातो. पुढे यंत्रात दुप्पट स्मृती बसवण्यात आली, तेव्हा दोनचा रिवाज चार वाजता पाळला जाऊ लागला, इतकाच फरक पडला.

गळती हा एकच प्रकार असता तर निदान सोपे झाले असते. परंतु स्मृती जास्त लागण्याची कारणे अनेक आहेत, आणि ती वेगवेगळी ओळखावी लागतात.

एक कारण वाढीव राखीव जागेचे. कोष्टक किती मोठे होणार हे ठाऊक नसेल तर बहुतेक प्रोग्राम आधी लहान जागा घेतात आणि ती भरली की दुप्पट मागतात. नव्या जागेत जुना मजकूर उतरवून होईपर्यंत जुनी आणि नवी दोन्ही हाताशी ठेवावी लागतात, म्हणजे क्षणभर मूळच्या तिप्पट जागा अडते. दुसरे कारण मांडणीतील फटींचे. यंत्राला आठ बाइटांची संख्या आठाने भाग जाणाऱ्या पत्त्यावर हवी असते. एक बाइटाची खूण, मग आठ बाइटांची संख्या, मग पुन्हा एक बाइटाची खूण अशा क्रमाने नोंद मांडली तर मजकूर दहा बाइटांचा आणि जागा चोवीस बाइटांची, असे होते. तीच संख्या आधी ठेवून दोन्ही खुणा मागे ठेवल्या तर सोळात भागते. एका नोंदीत आठ बाइट वाचले हे क्षुल्लक खरे. पण दोन कोटी नोंदी एकदम मेजावर असतील तर सोळा कोटी बाइट वाचले. तिसरे कारण मापाच्या हमालीचे. लिनक्स प्रणालीत नेहमी वापरल्या जाणाऱ्या वाटप-यंत्रणेकडे ६४ बिटी यंत्रावर एकच बाइट मागितला तरी बत्तीस बाइट खर्ची पडतात, कारण प्रत्येक वाटपासोबत त्याची नोंदही ठेवावी लागते. किरकोळ मागण्या लाखोंनी केल्या की धान्यापेक्षा पोतीच जड होतात.

चौथे कारण तुकड्यांचे आहे, आणि महसुली लोकांना ते तत्काळ समजेल. मुंबई राज्याला १९४७ साली तुकडेबंदी आणि तुकडेजोडीचा कायदा का करावा लागला? एकूण जमीन पुरेशी असूनही विखुरलेल्या तुकड्यांवर नांगर फिरत नाही म्हणून. राशीतील मोकळ्या जागेचेही तेच. एकूण शिल्लक भरपूर दिसते, पण एकसंध मोठी जागा कोठेच नसते. म्हणून यंत्रणा आणखी मागते. डोनाल्ड क्नूथ यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात याची मीमांसा करून एक नियम दाखवला : असे वाटप दीर्घकाळ चालून स्थिरावले की भरलेल्या जागांच्या संख्येच्या सुमारे निम्म्या संख्येने मोकळी भोके राहतात.

पाचवे कारण ममत्वाचे म्हणावे लागेल. गूगलने २००९ मध्ये जाहीर केलेली गो भाषा कंपाइल होणारी असूनही तीत झाडलोट आपोआप होते. तरीही मोठे बाड वाचून त्यातील एकच ओळ जवळ ठेवली, तर ती ओळ त्या बाडाचाच भाग असल्यामुळे सबंध बाड स्मृतीत अडकून राहते. झाडणारा बिचारा काय करणार? कोणीतरी त्या बाडाचे टोक धरून बसले आहे, एवढेच त्याला दिसते. त्या ओळीची स्वतंत्र नक्कल काढून बाड सोडून दिले की प्रश्न मिटतो.

आणखी एक गोष्ट अशी की, जास्त दिसणारी स्मृती खरोखरीच जास्त असते असेही नाही. मँचेस्टर येथील ॲटलस यंत्रात १९६२ मध्ये आभासी स्मृतीची कल्पना प्रत्यक्षात आली. तेव्हापासून प्रोग्रामला दिलेले पत्ते आणि प्रत्यक्षातील जागा या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. लिनक्ससारख्या प्रणालीत जागा मागितली की आधी आश्वासन मिळते. प्रत्यक्ष जागा प्रथम काही लिहिले जाते तेव्हा दिली जाते. आपल्याकडील पहाणीपत्रकात मालकाचे नाव नवव्या रकान्यात आणि कसणाऱ्याचे बाराव्यात असते. नवव्या रकान्याच्या आधारावर पिकाचा अंदाज करणारा जसा फसतो, तसाच आश्वासनाचा आकडा पाहून घाबरणाराही फसतो. पाहावयाचे ते वहिवाटीचे, म्हणजे प्रत्यक्ष व्यापलेल्या जागेचे. मात्र आश्वासने फारच वाढली आणि सर्वांनी ती एकदम वटवावयाची ठरवली, तर प्रणाली नाइलाजाने एखाद्या प्रोग्रामचा बळी देते. आणि तो बळी अपराध्याचाच जाईल याची खात्री नसते.

मग निदान करावयाचे कसे? यासाठीची साधने गेल्या तीन-चार दशकांत तयार झाली. १९९२ मध्ये रीड हेस्टिंग्ज आणि बॉब जॉइस यांनी ‘प्युरिफाय’ या साधनावर निबंध सादर केला. कंपाइल झालेल्या प्रोग्राममध्येच तपासनीस पेरून स्मृतीच्या प्रत्येक देवघेवीवर नजर ठेवण्याची त्यांची युक्ती होती. हेच हेस्टिंग्ज पुढे नेटफ्लिक्सचे संस्थापक म्हणून जगाला ठाऊक झाले. ज्युलियन सीवर्ड यांनी २००२ मध्ये ‘व्हॅलग्रिंड’ हे साधन मोफत उपलब्ध करून दिले. त्याच्या संचात पुढे ‘मॅसिफ’ नावाचे एक उपकरण आले. राशीची उंची वेळोवेळी मोजून कोणत्या ओळीच्या सांगण्यावरून किती जागा गेली, हे ते दाखवते. तपासणीच्या या पद्धतीत प्रोग्राम दहा-वीस पटींनी मंदावतो. पुढे कंपायलरमध्येच तपासनीस बसवण्याची रीत आली. गूगलमधील अभियंत्यांनी २०१२ मध्ये मांडलेले ‘ॲड्रेस सॅनिटायझर’ हे तिचे प्रसिद्ध उदाहरण.

साधने बदलली तरी पद्धत बदललेली नाही, आणि ती कोणत्याही जुन्या हिशेबनिसाला पटेल अशीच आहे. प्रथम काही बदल करू नये; मोजावे. दिवसभरातील स्मृतीचा आलेख काढावा. तो चढून एका पातळीवर स्थिरावत असेल तर ती गळती नव्हे, ती गरज किंवा फाजील राखण होय. करवतीच्या दात्यांसारखा चढत-उतरत असेल तर झाडलोट चालू आहे. प्रत्येक उतरणीनंतरचा तळ थोडाथोडा वर सरकत असेल तर मात्र गळती किंवा ममत्व यांपैकी एक आहे. मग दोन वेळांच्या नोंदी घ्याव्यात आणि दुसरीतून पहिली वजा करावी. शिल्लक राहिलेल्या नोंदींतच अपराधी असतो. येथेही एकंदर मागणी आणि चालू धारणा यांत गल्लत करू नये. दिवसभरात लाख वेळा मागून लाख वेळा परत करणारा उतावळा आहे, तो वेळ खातो. दहादा मागून एकदाही परत न करणारा स्मृती खातो. त्यानंतर ज्या ओळीने मागणी केली तिथपर्यंत माग काढावा आणि एकच प्रश्न विचारावा : ही जागा परत करणे कोणाचे काम होते? या प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली किंवा एकही मिळाले नाही, तर रोग सापडला असे समजावे. शेवटी एका वेळी एकच दुरुस्ती करून पुन्हा मोजावे. एक इशारा असा की, प्रोग्रामने परत केलेली जागाही वाटप-यंत्रणा पुष्कळदा आपल्याच कोठारात राखून ठेवते, ती लगेच सरकारजमा होत नाही. त्यामुळे बाहेरचा आकडा उतरला नाही म्हणून दुरुस्ती फसली, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

या पद्धतीची सत्त्वपरीक्षा पृथ्वीपासून कोट्यवधी किलोमीटरांवर झाली. अमेरिकेची ‘स्पिरिट’ ही गाडी ४ जानेवारी २००४ रोजी मंगळावर उतरली आणि २१ जानेवारीला अचानक तिचे बोलणे तुटले. ती पुनःपुन्हा आपोआप बंद पडून सुरू होत होती. असे साठाहून अधिक वेळा झाले. रात्री तिने झोपावयाचे तर ती जागीच राहू लागली आणि बॅटरी खर्ची पडू लागली. गाडीत १२८ मेगाबाइटांची कामाची स्मृती होती आणि २५६ मेगाबाइटांचे कायमचे कोठार. अभियंत्यांनी माग काढला तो असा : कोठारात प्रवासापासूनच्या असंख्य फायली जमल्या होत्या. त्यांची सूची प्रोग्राम कामाच्या स्मृतीत बाळगत होता, आणि पुसलेल्या फायलींच्या जागाही त्या सूचीतून कमी होत नव्हत्या. सूचीसाठी ठरावीक जागा नेमलेली होती. पण ती संपली तर नकार द्यावयाचा की सर्वांच्या सामाईक स्मृतीतून आणखी घ्यावयाचे, याची कळ चुकीच्या बाजूला राहिली होती. परिणामी सूचीने सामाईक स्मृती खाल्ली. पुढची मागणी फसली, यंत्राने स्वतःला पुन्हा सुरू केले, सुरू होताच तीच सूची पुन्हा वाचावी लागली आणि तेच चक्र फिरले. येथे बंद करून चालू करण्याचा उपाय हाच रोग झाला होता. अखेर कोठाराला हात न लावता सुरू हो, अशी आज्ञा पाठवण्यात आली. ती मानताच गाडी शांत झाली. मग फायली काढून कोठार नव्याने आखण्यात आले. नव्वद मंगळदिवसांसाठी पाठवलेली ही गाडी त्यानंतर २०१० च्या मार्चपर्यंत संदेश पाठवीत राहिली. इतक्या दुरून निदान करता आले, कारण पृथ्वीवर त्याच प्रणालीची प्रतिकृती होती, नोंदी होत्या, आणि नोंदी वाचून अनुमान करण्याची शिस्त होती.

या साऱ्याचा आपल्यासारख्या सीमाभागातील मराठी कुटुंबांशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध दोन प्रकारचा आहे. पहिला आपल्या अक्षरांचा. कानपूरच्या आयआयटीत आरंभ झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट तंत्रज्ञान भारतीय लिप्या संगणकावर आणण्यास कारणीभूत झाले. १९९१ मध्ये मान्य झालेल्या इस्की मानकात देवनागरीच्या प्रत्येक खुणेला एक बाइट लागे. ‘आळंद’ या शब्दातील आ, ळ, अनुस्वार आणि द यांस मिळून चार बाइट. आज सर्वत्र चालणाऱ्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत याच खुणांना प्रत्येकी तीन, म्हणजे बारा बाइट लागतात, ‘कलबुर्गी’ला चोवीस. मोबदल्यात मराठी, कन्नड, उर्दू आणि इंग्रजी एकाच पानावर गुण्यागोविंदाने नांदू लागल्या. आमच्या मते हा सौदा स्वस्तात पडला. पण प्रोग्राम लिहिणाऱ्याने बाइट म्हणजेच अक्षर असे गृहीत धरले, तर तीस बाइटांच्या रकान्यात देवनागरीच्या दहाच खुणा मावतात आणि आडनाव अर्ध्यावर तुटते. या भीतीने त्याने प्रत्येक नावाला हजार बाइट राखले, तर लाखो नावांत सारे मेज ओस जागेने भरून जाते. मोजून देणे, हाच दोन्हींवरचा उपाय.

दुसरा संबंध आपल्या जमिनींचा. कर्नाटक शासनाच्या ‘भूमी’ योजनेत राज्यातील १७७ तालुक्यांच्या सुमारे दोन कोटी नोंदी, सदुसष्ट लाखांच्या आसपास भूधारकांच्या, संगणकावर चढल्या. २००२ पर्यंत हस्तलिखित उताऱ्याची जागा पंधरा रुपयांत मिळणाऱ्या छापील उताऱ्याने घेतली. त्यापूर्वी सुमारे नऊ हजार ग्राम लेखाधिकाऱ्यांच्या दप्तरांत ही माहिती विखुरलेली होती. आपल्यापैकी अनेक घराण्यांचे कागद मोडीतून उर्दूत, उर्दूतून कन्नडमध्ये आणि आता यंत्रात असा प्रवास करून आले आहेत. निजामाच्या काळातील पटवाऱ्याशी हुज्जत घालता येत असे. त्याची वही उघडून दाखव म्हणता येत असे. यंत्र दुपारी दोन वाजता थिजले तर हुज्जत कोणाशी घालावी? त्या वेळी रांगेत उभा असलेला शेतकरी कर्जाच्या मुदतीसाठी, पीकविम्यासाठी किंवा वारसाच्या नोंदीसाठी आलेला असतो. त्याचा दिवस, कधी त्याची मुदत, कोणीतरी परत न केलेल्या काही बाइटांपायी बुडते. लंडनच्या त्या पहाटे तर रुग्णवाहिकेची वाट पाहणाऱ्यांचा प्रश्न होता. म्हणून स्मृतीचा हिशेब हा केवळ तंत्रज्ञांचा घरगुती मामला राहिलेला नाही. तो सार्वजनिक हिशेब झाला आहे.

अलीकडच्या भाषांनी हा हिशेब कंपायलरकडेच सोपवण्याचा प्रयत्न केला आहे. २०१५ च्या मे महिन्यात पहिली स्थिर आवृत्ती प्रसिद्ध झालेल्या रस्ट भाषेत प्रत्येक जागेला एकच मालक असतो. इतरांना ती उसनी घेता येते, पण मालकाचा कार्यकाळ संपला की जागा आपोआप परत होते. आणि मालकी संदिग्ध असेल तर कंपायलर तो प्रोग्राम बनवण्यासच नकार देतो. जमिनीच्या दाव्यांत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे वाचून हेवा वाटावा! तथापि या भाषेतही दोघांनी एकमेकांचे टोक धरून ठेवले तर जागा अडकते, आणि फाजील राखणीला तर कोणतीच भाषा अटकाव करीत नाही. कायदा कितीही चोख असला तरी वहिवाट पाहावीच लागते.

२००९ मध्ये स्थापन झालेले कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ आज आपल्याच तालुक्यात, कडगंची येथे उभे आहे. आपल्या घरांतील मुले-मुली पुणे, बंगळूर आणि हैदराबाद येथे प्रोग्राम लिहीत आहेत. त्यांच्या आजे-पणजांनी गावोगावच्या वह्या सांभाळल्या. त्या वह्यांत अक्षर वळणदार असण्यापेक्षा प्रत्येक नावे रकमेपुढे जमेची नोंद असण्याला मोल होते. स्मृती आता स्वस्त झाली आहे. आणखी विकत घ्या, हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील आणि प्रसंगी तो योग्यही असेल. पण गळक्या हौदात आणखी पाणी सोडून हौद भरत नाही. फक्त रिकामा होण्याची वेळ पुढे जाते. कोणी मागितले, किती वापरले आणि परत करणे कोणाकडे होते, ही तीन उत्तरे प्रत्येक ओळीमागे तयार ठेवणे, हे या विद्येतील खरे काम आहे. ते आपल्या मुलांना अवघड जाऊ नये, असे आम्हांस वाटते.